आधी खोल्या मोजा

(डोंबिवलीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागपर्यंत आवाज येतोय ना? तो पंखा जरा कमी करा कुणीतरी, नाहीतर माइकमधून तोच जास्त ऐकू येईल.

पत्रिकेत विषय छापलाय 'माझे आवडते सिनेमे आणि रोजचं जगणं'. आवडते सिनेमे सांगणारच आहे, पण एक गोष्ट माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं घोळतेय ती आधी सांगते, कारण इतकी माणसं समोर बसलेली रोज मिळत नाहीत. कुठलाही सिनेमा बघायला बसलात की आधी घरातल्या खोल्या मोजा. हिरो कोण, व्हिलन कोण, ते नंतर. घरात माणसं किती, खोल्या किती, कोण कुठे झोपतं, रुसायचं झालं तर जाऊन बसायला जागा आहे का, नवरा-बायकोला दोन शब्द बोलायचे तर ते कुठे बोलतात, म्हातारं माणूस कुठल्या कोपऱ्यात आहे. हे ज्या दिग्दर्शकाला माहीत असतं त्याचा सिनेमा मी शेवटच्या पाटीपर्यंत बघते, आणि ज्याला माहीत नसतं त्याच्या सिनेमात केवढाही मोठा स्टार असू दे, माझं लक्ष उडतं ते उडतंच.

इथे चाळीत वाढलेले किती जण आहेत, हात वर करा बघू. बघा, केवढे हात! आणि आपण डोंबिवलीत आलो कशासाठी? जागेसाठी. नळ घरात, संडास घरात, आणि दार लावलं की आपलं आपण. आमच्या आईने इथला ब्लॉक पहिल्यांदा बघितला तेव्हा हॉल नाही बघितला, खिडकी नाही बघितली, सरळ संडासचं दार उघडलं आणि म्हणाली, "घ्या हा." हसताय, पण तुमच्याही घरी हेच झालंय.

तर ही खोल्या मोजायची सवय मला लागली त्याची गोष्ट. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पण आमच्या गिरगावच्या चाळीत टीव्ही यायला मध्ये बरीच वर्षं गेली. मग एकदाचा आमच्या मजल्यावर एका घरात आला. एकच. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, आणि शनिवारी दुपारपासून त्या घरात जागा धरायला पोरं जायची. कुणी चपलेने जागा धरायचं, कुणी धाकट्या भावाला बसवून यायचं, पुढे पोरं, मागे बायका, पुरुष दारात आणि गॅलरीत खिडकीला लागून. त्या घरचे लोक बिचारे सहालाच जेवून घ्यायचे, कारण नंतर ताट मांडायला जमीनच उरायची नाही.

त्या घरातल्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं. सून नाशिककडची, सडपातळ, फार कमी बोलायची, आम्ही तिला वहिनी म्हणायचो. एक खोली आणि स्वयंपाकघर. सासू-सासरे, दोन दीर, कॉलेजात जाणारी नणंद आणि हे दोघं. आता तुम्हीच हिशोब करा.

आणि त्या शनिवारी लागला 'मुंबईचा जावई'. १९७० चा, राजा ठाकूरांचा. नवीन लग्न झालेली मुलगी मुंबईतल्या भरल्या घरात येते आणि नवरा-बायकोला निवांत बोलायला कोपराही मिळत नाही, हा त्या सिनेमाचा सगळा पेच. अरुण सरनाईक, शरद तळवलकर, रत्नमाला. गाणी तर काय सांगायची, गदिमा आणि बाबूजी, रामदास कामतांचं 'प्रथम तुज पाहता' त्यातलंच आणि आशाबाईंचं 'का रे दुरावा' पण त्यातलंच. (गाण्यांवर मी आत्ता शिरत नाही, शिरले तर आठ वाजतील.)

सगळी खोली हसत होती. जोडपं जरा जवळ आलं की कुणीतरी टपकतंय, आणि आमच्याकडे हशा. मी पोर होते, मी पण हसत होते. मग तहान लागली म्हणून मागे वळून वहिनीकडे पाणी मागितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती, हातात तांब्या, आणि तिचा नवरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला दाराशी, मध्ये आम्ही सगळे. ती सिनेमा बघत होती, हसत नव्हती. आणि तिच्या सासूने पण नेमकं त्याच वेळी मागे वळून तिच्याकडे बघितलं. बस, एवढंच. कुणी काही बोललं नाही.

सिनेमा संपला, टीव्हीवर पडदा टाकला, सगळे पांगले. आणि थोड्या वेळाने त्या काकू, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, वळकटी घेऊन आमच्या दारात. आईला म्हणाल्या, "आज तुमच्याकडे पडते गं, आमच्यात फार उकडतंय." मागोमाग नणंद उशी घेऊन. काका आणि दोन्ही दीर गॅलरीत. एप्रिल महिना, उकडत सगळीकडेच होतं, आमच्याकडे काही वेगळा वारा येत नव्हता! पण आईने एका शब्दाने विचारलं नाही, सतरंजी टाकली आणि मला भिंतीकडे सरकवलं. पुढे दर शनिवारी काकूंना उकडायला लागलं. मग पाऊस सुरू झाला, गॅलरीत झोपणारे आत आले, आमचे गावचे पाहुणे आले आणि ती सोय मोडली. पण त्या रात्री मला कळलं की पडद्यावर जे चाललंय ते याच खोलीबद्दल आहे आणि बघणाऱ्या माणसाचं त्याने काहीतरी हलू शकतं. तेव्हापासून मी मोजते.

'मुंबईचा जावई' आल्यावर दोन वर्षांनी, १९७२ ला, बासू चटर्जींनी याच सिनेमावरून हिंदीत 'पिया का घर' केला. जया भादुरी आणि अनिल धवन. किशोरकुमारचं 'ये जीवन है' त्यातलं. बासूदा आधी 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रं काढायचे, आणि मला पक्कं वाटतं की एका छोट्या चौकटीत खूप माणसं बसवायची आणि तरी प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसला पाहिजे हे त्यांच्या हाताला तिथूनच ठाऊक होतं. त्या घरात नवीन जोडप्याची सोय स्वयंपाकघरात. बघा मग, डब्यांच्या आणि भांड्यांच्या मध्ये प्रेम करायचं आणि सकाळी दूध यायच्या आत उठायचं, कारण चहा तिथेच होणार.

आता माझी तक्रार. आजच्या मालिका बघा, आणि बरेचसे सिनेमे पण. 'आमचं मध्यमवर्गीय कुटुंब' असं म्हणतात आणि कॅमेरा मागे गेला की हॉलमधून जिना वर जातोय! मुलगी म्हणते महिनाअखेर आहे, पैसे नाहीत, आणि तिच्या बेडरूमला समुद्राकडची काचेची भिंत. अहो ते भाडं कोण भरतंय? घरात एवढी माणसं, पण ओल्या टॉवेलला दोरी नाही, पलंगाखाली बॅगा नाहीत, माळ्यावर काही कोंबलेलं नाही, गाद्यांचा ढीग नाही. मी कला दिग्दर्शकांना दोष देत नाही, त्यांना जेवढं सांगतात तेवढं ते करतात. पण मला राग येतो, खरंच येतो, कारण घर खोटं असलं की भांडणं पण खोटी होतात. ज्याच्याकडे पाच खोल्या आहेत त्याचं भांडण झालं की तो दुसऱ्या खोलीत जाईल, विषय संपला. म्हणून मग लेखकाला कटकारस्थानं आणावी लागतात, कुणीतरी दाराआडून ऐकतंय, कुणी विष कालवतंय. आमच्या चाळीत दाराआडून ऐकायची गरज नव्हती, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं आणि न ऐकल्यासारखं करणं हीच सभ्यता होती. केवढं नाट्य आहे त्यात! ते सोडून जिने कशाला बांधता?

मुंबईतल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फूट, शंभर वर्षं झाली त्या चाळींना. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. त्या १६० फुटांत बाळंतपणं झाली, दहावीचे अभ्यास झाले, मयतं झाली, गणपती बसले. आता त्यातल्या बहुतेक ठिकाणी टॉवर उभे राहतायत, ५०० फुटांचे फ्लॅट मिळतायत, मिळायलाच पाहिजेत, उलट फार उशीर झाला. चाळीचं उगाच कौतुक करायला मी इथे आलेली नाही, सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहून शाळेला उशीर झालेली मुलगी आहे मी. पण १६० मधून ५०० मध्ये जाताना घराघरात काय काय होतंय, सासूला पहिल्यांदा दार लावून झोपता येतंय, शेजारीण पहिल्यांदा बेल वाजवून येतेय, हा सिनेमा कोण करणार?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आवडते सिनेमे राहिलेच, पटापट सांगते.

'घरोंदा', १९७७, भीमसेन यांचा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब एकाच ऑफिसात, लग्न करायचंय पण घर नाही, अर्धवट बांधलेल्या इमारतींत 'दो दीवाने शहर में' म्हणत हिंडतात, पै पै जमवतात आणि बिल्डर पैसे घेऊन पळतो. मग तो तिला सुचवतो की तू आपल्या आजारी साहेबाशी लग्न कर, म्हणजे डॉ. लागूंशी. एक चांगला मुलगा हे बोलायला कसा तयार होतो? जागेपायी. त्यात लागूंचं काम बघा, फसवला जाणारा माणूस ते इतक्या मोठ्या मनाने करतात की आपल्यालाच लाज वाटते.

दुसरा जपानचा. दिग्दर्शक ओझूंचा 'टोकियो स्टोरी', १९५३. जपानी म्हणून घाबरू नका, अगदी आपल्या घरातला आहे. गावाकडचे आई-वडील टोकियोत मुलांकडे येतात. मोठा मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर. आजी-आजोबांना खोली द्यायची म्हणून नातवाचं अभ्यासाचं टेबल बाहेर काढतात आणि तो थयथयाट करतो, "मी अभ्यास कुठे करू?" सगळं कळतं तिथे. मुलांना वेळ नाही, मग त्यांना आतामीला, गरम झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. आणि युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, जिचं आता या घराशी म्हटलं तर नातंही उरलेलं नाही, ती एका खोलीत राहते. ती त्यांना घरी नेते आणि सासऱ्यासाठी शेजारणीकडून साके, म्हणजे तिकडची दारू, मागून आणते, प्यायला भांडीही तिच्याचकडून. सगळ्यात लहान खोली तिची, आणि म्हाताऱ्यांना जागा तिथेच होते. ओझू कॅमेरा ठेवतात तोही जमिनीलगत, बसल्या माणसाच्या उंचीला, म्हणजे आपणही त्यांच्यात मांडी घालून बसल्यासारखे.

तिसरा आपला 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे, २०१४, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट. खटला चालू असताना हा सिनेमा वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी, लोकलमध्ये मैत्रिणीशी ऑलिव्ह ऑइलबद्दल बोलतात, पोराला घेऊन घरी येतात, स्वयंपाकाला लागतात. बचावाचा वकील दुकानातून चीज आणि वाइन घेऊन जातो. कोर्टात दोघं समोरासमोर उभे असतात, पण कोण कुठून आलंय हे घर बघितल्यावर कळतं. कोर्टातला एकही संवाद ते सांगत नाही.

अजून एक चिठ्ठी. हो हो, आटपते. 'लंचबॉक्स', २०१३. नायिका इला, तिच्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी, भारती आचरेकरांचा नुसता आवाज. आंटी एकदाही दिसत नाहीत, खिडकीतून मसाल्याची टोपली खाली येते, एवढंच. नवरा कोमात, पंख्याकडे बघत पडलेला, म्हणून आंटी चालू पंखाच पुसतात, बंद करायची भीती वाटते त्यांना. त्या घरात कॅमेरा गेलेलाच नाही आणि मला त्या खोलीतला पलंग कुठे आहे ते सांगता येईल. इथे मी खोल्या मोजल्या नाहीत, ऐकल्या.

याच्यावर अजून खूप बोलायचं होतं, आवाजावर तर वेगळंच व्याख्यान होईल. जागा कमी असली की माणसाला दुसऱ्याकडे बघावंच लागतं, आणि सिनेमाला तेच हवं असतं, माझा मुद्दा तो. इथे कुणी शॉर्टफिल्म करणारी पोरं बसली असतील तर त्यांना एवढंच सांगते, स्क्रिप्ट लिहायच्या आधी घराचा नकाशा काढा आणि रात्री कोण कुठे झोपतं ते त्यावर लिहा. वरळीला नवीन टॉवरमध्ये राहायला गेलेलं कुणी ओळखीचं असेल तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा. आणि ज्यांना 'मुंबईचा जावई' पुन्हा बघायचाय त्यांनी खाली नावं द्या, इथेच लावू, सासूबाईंनाही घेऊन या.