ओपन इलेक्टिव्ह कसा निवडावा?
(प्रथम वर्षाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

मेजरबद्दल, म्हणजे तुमच्या पदवीच्या मुख्य विषयाबद्दल, आज मी काही बोलणार नाही. तो तुम्ही प्रवेश घेतानाच ठरवलाय. मला बोलायचंय ते ओपन इलेक्टिव्हबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात या खात्यावर १० ते १२ क्रेडिट, म्हणजे तासांवर मोजले जाणारे श्रेयांक, मिळवावी लागतात, तीही आपल्या विद्याशाखेबाहेरच्या विषयांतून. सक्ती आहे खरी. पण आख्ख्या पदवीत इतकी मोकळीक दुसरीकडे कुठे नाही, आणि आपली मुलं ती फुकट घालवतात.

फॉर्म भरायची वेळ आली की सीनियरला एकच प्रश्न जातो, ‘मार्क कशात पडतात?’ मग सगळा वर्ग त्याच एका विषयावर तुटून पडतो. जागा भरतात, उरलेल्यांना मिळेल ते घ्यावं लागतं. काहीजण नावाला भुलतात. नावात ‘डिजिटल’ किंवा ‘मॅनेजमेंट’ असलं की पालकही खूश. अभ्यासक्रमाची प्रत उघडून बघितलेली असते कुणी? ती संकेतस्थळावर असते, दोन पानांची असते. त्यात मूल्यमापन कसं आहे ते आधी बघा. नुसत्या व्याख्या पाठ करायच्या आहेत, की कुठे जायचंय, काही मोजायचंय, कुणाशी बोलायचंय?

दोन क्रेडिटांचा विषय म्हणजे वर्गातले ३० तास. एवढ्यात कुणी अर्थतज्ज्ञ होत नाही. मात्र दुसऱ्या विषयातली माणसं प्रश्न कसा विचारतात, हे कळायला ३० तास पुरतात. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे माणूस. जन्म गोव्यातला, शिक्षण हार्वर्डमध्ये. फर्ग्युसनमध्ये आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणितात काम करत होते. त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या प्राचीन नाण्यांची वजनं घेतली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. मागच्या बाजूला पारख करणाऱ्यांचे ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असा हिशेब जुळला. त्यावरून कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची, याचा क्रम लावता येऊ लागला. तराजू आणि संख्याशास्त्र इतिहासाच्या कामी आलं. हे इतिहासकारांना आधी का सुचलं नाही, असं विचारण्यापेक्षा आपल्या बी.एस्सी.च्या किती मुलांनी कधी जुनं नाणं हातात घेतलंय, ते विचारा.

काही महाविद्यालयांत मोडी लिपी शिकवतात. संगणकशास्त्राच्या मुलांनी ती जरूर घ्यावी असं मला वाटतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि मोडी सराईतपणे वाचणारे थोडे. यंत्राकडून हस्ताक्षर वाचून घ्यायचं असेल, तर आधी अक्षर कुणाला तरी वाचता आलं पाहिजे ना! वाणिज्याच्या मुलांना मी भूशास्त्र सुचवतो. लोणारचं सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेलं विवर आहे, आणि ते आपल्याच बुलढाण्यात. कलाशाखेच्या मुलांनो, संख्याशास्त्राला घाबरू नका. निवडणुकीच्या वेळी वाहिन्यांवर ज्या टक्केवाऱ्या दाखवतात, त्यांतल्या निम्म्या तरी तुम्हाला हसायला लावतील.

महाविद्यालयात हवा तो विषय नसेल तर ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे. तिथली क्रेडिट चालतात, पण परीक्षा विभागाला आधी विचारा. नंतर खेटे घालण्यापेक्षा ते बरं. तासिका मेजरच्या प्रॅक्टिकलवर येत नाही ना, हेही बघा. आणि शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना पाच मिनिटं भेटा. विषयाबद्दल बोलताना ज्यांना राहवत नाही, त्यांच्याकडे जा. विषय कोरडा असला तरी चालेल.

मागे बसलेल्या एका काकांनी मघाशी विचारलं, गुण कमी पडले तर? हिशेब करू. पदवी १३२ क्रेडिटांची धरा. दोन क्रेडिटांच्या विषयात ९ ऐवजी ६ ग्रेड पॉइंट मिळाले, तर तुटले तीन गुणिले दोन, म्हणजे सहा. भागिले १३२. एकूण सीजीपीए, म्हणजे पदवीभरातल्या ग्रेड पॉइंटची सरासरी, ०.०५ नेसुद्धा उतरत नाही. नापास होण्याची गोष्ट वेगळी, तो बॅकलॉग काढावाच लागतो. पण त्यासाठी तासांना बसणं आणि इंटर्नलचं काम वेळेत देणं सहसा पुरतं. फॉर्मवर पसंतीक्रम विचारला असेल, तर सगळे पर्याय नीट विचार करून भरा. पहिलाच मिळेल असं नाही, आणि दुसऱ्या क्रमांकावर घाईत लिहिलेला विषय सहा महिने शिकावा लागतो.