ओळख परेडीत चेहरा कुणाचा आठवतो?

जुलै १९८४. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं बर्लिंग्टन शहर. एका विद्यार्थिनीवर तिच्याच घरात बलात्कार झाला. त्या भीतीतही ती त्या माणसाचा चेहरा नीट पाहत राहिली. जिवंत राहिले, तर याला ओळखायचंच.

पोलिसांनी काही फोटो समोर ठेवले. बराच वेळ निरखून तिनं रोनाल्ड कॉटन या तरुणाचा फोटो उचलला. मग ओळख परेड झाली. फोटोंमध्ये दिसलेला आणि परेडीतही उभा असलेला माणूस एकच होता, कॉटन. तिनं त्याच्याकडेच बोट दाखवलं.

या दुसऱ्या वेळी तिला कोण आठवलं? हल्लेखोर, की तो फोटो? तिला स्वतःलाही हे सांगता आलं नसतं. नंतर पाहिलेलं, ऐकलेलं आठवणीत नकळत मिसळतं. त्यात पोलीस म्हणाले, 'छान ओळखलंस', की 'बहुधा हाच' असतो त्याचा 'हाच' होतो. कोर्टापर्यंत पोचते ती ही पक्की झालेली खात्री. आधीची चाचपड तिथे कुणाला दिसत नाही.

कॉटनला जन्मठेप झाली. १९८७च्या फेरसुनावणीत, खरा गुन्हेगार असल्याचा संशय ज्याच्यावर होता, तो बॉबी पूल नावाचा दुसरा कैदी तिच्यासमोर आणला गेला. तिनं त्याला ओळखलं नाही. १९९५मध्ये डीएनए चाचणीनं दाखवलं, की गुन्हेगार पूलच होता. कॉटनची तोवर साडेदहा वर्षं तुरुंगात गेली होती.

ती मुलगी खोटं बोलली नव्हती. तिच्या आठवणीला जपणं हे तपास करणाऱ्यांचं काम होतं.

त्यासाठीचे नियम साधे आहेत. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे माहीतच नसावं, म्हणजे नजरेतूनही इशारा जात नाही. रांगेतले डमी, म्हणजे संशयितासोबत उभे केलेले इतर लोक, साक्षीदारानं सांगितलेल्या वर्णनाशी जुळणारे हवेत. निवड होताच, 'किती खात्री आहे?' याचं उत्तर साक्षीदाराच्याच शब्दांत टिपून घ्यावं. आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते सुरुवातीचं एक वाक्य: 'गुन्हेगार यांच्यात नसेलही.' हे ऐकलं नाही, तर माणूस रांगेतला त्यातल्या त्यात मिळताजुळता चेहरा निवडून मोकळा होतो.

पुढे ती आणि कॉटन, दोघं मिळून या बदलांसाठी जाहीरपणे बोलू लागले. २००७मध्ये नॉर्थ कॅरोलायनानं ओळख परेडीच्या पद्धतीसाठी कायदा केला.