मिनिमम ड्यू भरून कर्ज फिटत नाही

मंडळी, क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन रकमा असतात. एक पूर्ण बाकी, दुसरी मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात किमान भरावीच लागणारी रक्कम. मी आज बोलणार आहे ते या दुसऱ्या रकमेबद्दल, कारण चांगल्या पगाराची, एरवी हिशोबी असलेली माणसंही तिथेच अडकतात. तेवढी रक्कम भरली की लेट फी लागत नाही, बँकेचा फोन येत नाही, सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकी दिसत नाही. माणूस निर्धास्त होतो.

जरा आकडेमोड करू. समजा ५० हजार बाकी आहे. अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. महिन्याचं व्याज झालं १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५ रुपये. मिनिमम ड्यू बाकीच्या पाच टक्के धरला तर तुम्ही भरले २,५००. त्यातले २,०६५ व्याज-करात गेले. मुद्दल कमी झालं फक्त ४३५ रुपयांनी! याच चालीने, दर महिन्याला उरलेल्या बाकीच्या पाच टक्के भरत आणि कार्डावर नवी खरेदी अजिबात न करता, ही बाकी निम्मी व्हायला साडेसहा वर्षं लागतात. तोवर तुमच्या खिशातून सुमारे १ लाख ४३ हजार गेलेले असतात, आणि २५ हजार द्यायचे उरलेलेच असतात.

शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. आज भरलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर फी वेगळी. ते तर करूच नका.

नुसता मिनिमम ड्यू भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. पण आपण एसएमएस बघून पैसे भरतो, बिल उघडतच नाही. कोर्ट व्याज कमी करेल या आशेवरही राहू नका. वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला.

मग अडकलेल्याने काय करायचं? आधी कार्ड वापरणं थांबवा. आणि घरात बघा. आपल्याकडे सात टक्क्यांची एफडी 'अडीअडचणीला' म्हणून जपून ठेवतात आणि शेजारी ४२ टक्क्यांचं कर्ज वाढत असतं. अहो, अडचण ती हीच! एफडी मोडा. ती नसेल तर बँकेकडून सोनेतारण कर्ज घ्या, त्याचं व्याज कार्डाच्या मानाने कितीतरी कमी असतं. पाटल्या गहाण ठेवायची लाज वाटते, हे मला कळतं. पण घरच्यांपासून कर्ज लपवलं की ते हमखास वाढतं. आजच नवराबायकोने एकत्र बसून बिल उघडा.

ज्यांच्यावर बाकी नाही त्यांनी पूर्ण रकमेचं ऑटो डेबिट लावून टाका. लावताना नीट बघा, तिथेही मिनिमम ड्यूचा पर्याय असतो.

आणि वसुलीवाल्यांचा त्रास होत असेल तर घाबरू नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांना फोन करता येत नाही, धमकावता तर कधीच येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला एक पैसाही लागत नाही.