पेपरात नावं आली, फोन नंबर राहिला

(सामाजिक संस्थांच्या कार्यकर्त्यांपुढे बेळगावात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, विषय आहे ‘सामाजिक संस्था आणि जनसंपर्क’. त्याचे चार भाग करणार आहे. पहिला प्रसिद्धीपत्रकाचा, आणि तिथे जरा रेंगाळणार, कारण आपलं तिथेच अडतं. उदाहरण नेत्रदानाचं घेऊ. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आलेले बरेच जण या कामात आहेत.

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा. त्या दिवसांतल्या आपल्याच बातम्या काढून बघा. दीपप्रज्वलन कुणी केलं, प्रास्ताविक कुणाचं, शाल-श्रीफळ कुणाला, आभार कुणी मानले, सगळं असतं. घरात माणूस गेला तर फोन कुठे करायचा, हे मात्र नसतं. मला याचा राग येतो. आणि दोष पेपरवाल्यांचा नाही. जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो, आणि आपण कामाची गोष्ट नेमकी तळाला लिहितो.

तेव्हा पत्रक उलटं लिहा. पहिल्याच परिच्छेदात सांगा: मृत्यूनंतर शक्यतो ६ तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन करा. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवा, कारण डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सुकला की निकामी होतो. पंखा बंद करायचा तो त्याचसाठी. डोक्याखाली उशी द्या, म्हणजे नंतर रक्तस्राव कमी होतो. पथक घरी येतं, काम १५-२० मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, शुगर होती, तरी नेत्रदान चालतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस, रेबीज असेल तर चालत नाही. एवढं छापून आलं आणि सत्कार कापला गेला, तर बातमीचं काहीही बिघडलं नाही.

आता नंबर. बरेचदा अध्यक्षांचा देतात, आणि तो रात्री दोनला बंद असतो. नेत्रपेढीचा द्या, आणि छापायला देण्याआधी रात्री लावून बघा. कुणी उचलतंय का, कोणत्या भाषेत बोलतंय, आपल्या गावापर्यंत पथक येतं का, हे विचारून घ्या. लांबच्या गावाला ६ तासांत पथक पोचणार नसेल, तर तिथे आधी पोचायची व्यवस्था करा आणि मग पत्रकं वाटा.

आणखी एक. आपण संकल्पपत्रं भरून घेतो, आकडा छापतो. पण संमती त्या वेळी घरच्यांनी द्यायची असते, आणि संकल्पपत्र कपाटात असतं. मुलगा, सून, भाऊ यांना ठाऊकच नसेल तर त्या गडबडीत आठवण कोण करणार? म्हणून संकल्प करणाऱ्यासोबत घरातल्या दोघांना बोलवा, त्यांच्यापुढे बोला.

पत्रक एका पानाचं, दीडशे-दोनशे शब्दांचं. युनिकोडमध्ये टाइप करून मजकूर म्हणूनच पाठवा. कागदाचा फोटो पाठवला तर तिकडे कुणीतरी तो पुन्हा टाइप करतो, आणि फोन नंबरातला एक आकडा चुकला की सगळं वाया. कार्यक्रमाची पूर्वसूचना चार दिवस आधी, झालेल्याची बातमी त्याच दिवशी संध्याकाळच्या आत. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटून छपाईत अस्पष्ट येतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले तीन भाग भराभर.

भाषा. मराठी आणि कन्नड, दोन्ही पत्रकं हवीत, आणि कन्नड मजकूर कन्नडच घरात बोलणाऱ्याकडून लिहून घ्या. मराठीवरून शब्दाला शब्द लावलेला कागद चिकोडीकडे कुणी वाचणार नाही. उर्दू वस्तीसाठी तिथल्याच माणसाला सोबत घ्या.

जागा. दूध डेअरी, रेशन दुकान, आठवडी बाजार, गणेश मंडळाचा मंडप. पंधरवडा आणि गणपती बहुधा जवळजवळ येतात, मंडपात फलकाला जागा मागा. मृत्यूची खबर आधी गावातल्या डॉक्टरांना आणि भजनी मंडळाला लागते, त्यांच्याकडे नंबर हवाच.

मोजमाप. छापून आलेल्या कात्रणांची फाईल पुरेशी नाही. एक वही करा: फोन कधी आला, मृत्यू किती वाजता झाला, पथक कधी पोचलं, नकार असेल तर कारण काय, आणि नंबर कुठून मिळाला. हा शेवटचा रकाना दर महिन्याला वाचा, आणि पुढची पत्रकं तिकडेच जास्त पाठवा.