दोन आगगाड्या आणि एक देश

श्रोतेहो, नमस्कार.

घरात मुलांचा अ‍ॅटलस असेल तर जरा हाताशी घ्या. मोबाइलवरचा नकाशा आपल्याला रस्ता दाखवतो, पण शेजार दाखवत नाही. त्यासाठी कागदावरचाच नकाशा हवा. प्रत्येक घरात तो असावा, असं माझं जुनं मत आहे.

तर उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका जिथं एकमेकींना जोडल्या आहेत, ती चिंचोळी पट्टी बघा. हाच पनामा. 1903 सालापर्यंत हा वेगळा देश नव्हता, कोलंबियाचा एक प्रांत होता. पुन्हा सांगतो, पनामा तेव्हा कोलंबियाचा होता.

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. दुसऱ्या महायुद्धातले फ्रँकलिन रूझवेल्ट वेगळे, हे त्यांच्या आधीचे. बोलणं सौम्य ठेवावं आणि हातात मोठा दंडुका बाळगावा, हे त्यांचं आवडतं वचन. या पट्टीतून कालवा काढून दोन महासागर जोडायचे, हा त्यांनी ध्यासच घेतला होता. सुएझचा कालवा काढणाऱ्या फ्रेंचांनी पनामातही खोदायला घेतलं होतं, पण ती कंपनी बुडाली. मग अमेरिकेनं कोलंबियाशी तहाचा मसुदा केला, आणि ऑगस्ट 1903 मध्ये कोलंबियाच्या सिनेटनं तो फेटाळला. आपल्या जमिनीवरचा आपला हक्क जातो आणि मोबदलाही तुटपुंजा मिळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. रूझवेल्ट भयंकर संतापले. इकडे पनामातल्या काही मंडळींना कोलंबियापासून फुटायचंच होतं. दोघांची गाठ पडली.

आता जो प्रसंग सांगणार आहे, तो मी गेली कित्येक वर्षं जमेल तिथं सांगत आलो आहे. तो आहे एका आगगाडीचा.

पनामाच्या एका किनाऱ्यावर कोलोन हे बंदर आणि दुसऱ्या किनाऱ्यावर पनामा शहर. मध्ये रेल्वे, जेमतेम पाऊणशे किलोमीटरची. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 साली धावली, ही 1855 साली. बंडाचा बेत पनामा शहरात शिजत होता. त्याची कुणकुण लागल्यामुळे कोलंबियानं बोटीतून सुमारे 500 सैनिक पाठवले. ते 3 नोव्हेंबरच्या सकाळी कोलोनला उतरले. बंदरात अमेरिकेची नॅशव्हिल ही युद्धनौका उभी होती, पण सैन्य उतरू देऊ नका हा हुकूम तिच्या कप्तानाच्या हाती पडला तो सैन्य उतरल्यावर.

म्हणजे बंड तिथंच संपायला हवं होतं. फक्त गाडीत बसायचं आणि दोन-तीन तासांत पनामा शहर गाठायचं.

पण रेल्वेचा अधीक्षक होता शेलर नावाचा अमेरिकन. पिकल्या केसांचा, अदबशीर माणूस. तो सेनापती तोवार आणि आमाया यांना सामोरा गेला. म्हणाला, आपल्यासाठी खास डबा जोडून ठेवला आहे, पनामा शहरात गव्हर्नर वाट बघताहेत. सैनिकांचं काय? डबे कमी आहेत, पण जमले की लगेच मागून पाठवतो. डबे कमी होते खरे, कारण शेलरनंच ते आदल्या दिवशी पलीकडच्या टोकाला हलवून ठेवले होते!

सेनापती डब्यात बसले. शेवटच्या घटकेला त्यांच्यातल्या एकाला वाटलं, सैन्य सोडून जाणं बरं नव्हे, आपण इथंच थांबावं. तेवढ्यात शेलरनं दोरी ओढून इंजिनाला इशारा दिला आणि स्वतः खाली उतरला. गाडी सुटली. सेनापती पुढे आणि सैन्य मागे, कोलोनच्या फलाटावर.

पनामा शहरात त्यांचं थाटात स्वागत झालं. दुपार झाली तरी सैन्याचा पत्ता नाही. संध्याकाळी तिथल्याच छावणीतले शिपाई संगिनी रोखून पुढे आले आणि सेनापतींना कैद केलं. छावणीचा प्रमुख ह्युएर्तास बंडवाल्यांना आधीच फितूर झाला होता.

इकडे कोलोनला उरलेला कर्नल तोरेस गाडी मागत राहिला. रेल्वेनं सांगितलं, सैन्य न्यायचं तर गव्हर्नरची सही आणा. आणि गव्हर्नर बंडात सामील! दोन दिवसांनी पैसे घेऊन तोरेस सैन्यासह बोटीत बसला.

या बंडात एकच माणूस मेला. कोलंबियाच्या एका बोटीनं रात्री शहरावर तोफा डागल्या, त्यात एक चिनी माणूस गेला, आणि एक गाढव. माणसाचं आणि गाढवाचं नाव एका दमात घेऊन लोक इथं हसतात. मला कधीच हसू आलं नाही. घरापासून हजारो मैल दूर पोटासाठी आलेला तो माणूस. ना तो कोलंबियाचा, ना बंडवाल्यांचा, ना रूझवेल्टांचा.

6 नोव्हेंबरला, म्हणजे तीन दिवसांत, अमेरिकेनं पनामाला देश म्हणून मान्यता दिली. लक्षात ठेवा, तीन दिवसांत.

आता दुसरी गाडी. ही थोडक्यात सांगतो, पण खरं दुखणं हिच्यातच आहे.

नव्या देशानं वॉशिंग्टनमध्ये आपला वकील, म्हणजे राजदूत, नेमला होता ब्युनो-व्हारिया नावाचा फ्रेंच इंजिनियर. बुडालेल्या कालवा कंपनीतला जुना माणूस. बंडाला पैसा पुरवतो, पण वकील मलाच करा, असा त्याचा आग्रह. कुळमुखत्यारपत्र कुणाला द्यावं हे आपल्याकडे जमीन असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पनामाचे पुढारी आमादोर आणि बॉइड तहाच्या बोलणीसाठी बोटीनं निघाले. न्यूयॉर्कला एक रात्र थांबले, मग गाडी धरली. 18 नोव्हेंबरच्या रात्री वॉशिंग्टनला उतरले, तर फलाटावर ब्युनो-व्हारिया उभा. तह झाला, म्हणाला. काही तासांपूर्वीच सही करून आलो. आमादोर तिथल्या तिथे कोसळायचाच बाकी होता.

तहात काय होतं? कालव्याच्या दोन्ही अंगांची मिळून 10 मैल रुंदीची पट्टी अमेरिकेला, कायमची. मोबदला एकरकमी 1 कोटी डॉलर, आणि नऊ वर्षांनंतर दरसाल अडीच लाख. कोलंबियानं जो मसुदा फेटाळला होता त्यात पट्टी 6 मैलांची होती आणि मुदत 100 वर्षांची. पैसे तेवढेच. म्हणजे मोबदला तोच, पट्टी जास्त आणि मुदत संपणारच नाही अशी. सातबारा पनामाचा, सही फ्रेंच माणसाची.

पुरंदरच्या तहात 23 किल्ले दिले आणि 12 राखले, हे आपल्याकडे चौथीतलं पोर सांगतं. तहातली कलमं अशी तोंडपाठ असणं ही मी मोठी गोष्ट मानतो. शाळांनी लढायांच्या सनावळ्या थोड्या कमी कराव्यात आणि तह जास्त शिकवावेत.

कालवा 15 ऑगस्ट 1914 ला सुरू झाला. तो बांधताना हजारो मजूर मेले, त्यांत बहुतेक वेस्ट इंडीजच्या बेटांवरचे. 1921 साली अमेरिकेनं कोलंबियाला अडीच कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, तेव्हा रूझवेल्ट हयात नव्हते. जानेवारी 1964 मध्ये त्या पट्टीत आपला झेंडा लावायला गेलेल्या पनामाच्या विद्यार्थ्यांवरून दंगल पेटली, माणसं मेली. 9 जानेवारी तिथं आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. 1977 साली नवा तह झाला, या वेळी पनामाच्या सहीनं, आणि 31 डिसेंबर 1999 च्या दुपारी कालवा पनामाच्या ताब्यात आला.

20 जानेवारी 2025 ला अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावरच्या भाषणात डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की हा कालवा आम्ही परत घेणार. ते ऐकलं त्या दिवशी मला आठवला तो वॉशिंग्टनच्या फलाटावरचा आमादोर, नुकताच गाडीतून उतरलेला.

पनामा शहराला लागूनच अंकोन नावाची टेकडी आहे. ती त्या 10 मैलांच्या पट्टीत होती. आज तिच्या माथ्यावर पनामाचा भलामोठा झेंडा आहे आणि तो खाली शहरातून दिसतो.

नमस्कार.