इम्पॅक्ट रेंचने नट खोला, आवळायचं काम टॉर्क रेंचला द्या

नमस्कार मंडळी! जॅकचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा लागलाय, "ताई, वायरवाला इम्पॅक्ट रेंच घेतलाय, त्याच्यावर कधी बोलणार?" पावसाळा तोंडावर आलाय, ठाण्यात आणि नवी मुंबईत जो तो टायर बदलायच्या मागे आहे, तर आज बोलूनच टाकते. ठोके मारत नट फिरवणारं ते मशीन हे समोर ठेवलंय. पुढे गोटी बसवायचा अर्ध्या इंचाचा चौकोन, 230 व्होल्ट, साधारण 1000 वॅट.

सुरुवातीचं भरभर सांगते, कारण ते तुम्हाला माहीत असतं. गोटी, म्हणजे नटावर बसणारी टोपी, बदलताना विजेचा प्लग काढायचा. डोळ्यांवर गॉगल, कानात प्लग. याचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. ढगळ हातमोजे नकोत, ओढणी नको, लोंबती बाही नको. उलट-सुलट फिरवायचं बटण मोटर पूर्ण थांबल्यावरच बदलायचं. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली स्टँड हवाच. झालं.

आता गोटी. (दोन्ही गोट्या कॅमेऱ्यासमोर धरून) ही चकचकीत, ही काळी. चकचकीत गोटी हाताच्या पान्यासाठी बनवलेली असते, क्रोम व्हॅनेडियमची. ती कडक असते, म्हणून सतत ठोके बसले की तडकते आणि तुकडा उडतो. काळी इम्पॅक्ट गोटी क्रोम मॉलिब्डेनमची, भिंत जाड, ठोका सोसणारी. घ्यायची ती सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. आणि नुसता काळा रंग बघून घेऊ नका, भिंतीची जाडी बघा.

आता मुख्य मुद्दा. आज मी हा व्हिडिओ याच्यासाठीच करतेय.

चाकाचे नट इम्पॅक्ट रेंचने पूर्ण आवळू नका. खोला, बिनधास्त खोला. पण शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला जोर आला की टक् करणाऱ्या पान्याने, हाताने.

का? आधी हे मशीन आतून बघा. मोटर एक जड हातोडा फिरवते. नट अडला की तो हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो आणि सुटून पुढच्या दांड्यावर आदळतो. असं सेकंदाला कितीतरी वेळा. झटका थेट नटाला बसतो, म्हणून तुमच्या मनगटाला फारसा पीळ येत नाही. मशीनचा मोठा गुण हाच आणि धोकाही हाच. हाताच्या पान्याने आवळताना हाताला कळतं की आता पुरे. इथे हाताला काहीच कळत नाही. 100 न्यूटन मीटरला (हे आवळायच्या जोराचं माप) मशीन जसं वाटतं, तसंच 300 ला वाटतं. बटण दाबून ठेवलंत की जोर वाढत जातो आणि तुम्ही समजता, थोडंसंच आवळलं.

दुसऱ्या बाजूने सांगते. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या चाकाच्या नटाला साधारण 85 ते 120 न्यूटन मीटर लागतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे, तोच खरा. या मशीनच्या डब्यावर लिहिलंय 400. आवळताना स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो, आणि त्या ताणानेच चाक दाबून धरलं जातं. मर्यादेपलीकडे ताणला की तो परत मूळ लांबीवर येत नाही. आटे खराब होतात. एक नट जास्त, एक कमी असा आवळला तर डिस्क वाकडी बसते आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. लोक मग ब्रेक पॅड बदलत बसतात.

इथे एका दादांची कमेंट वाचते. "हायवेवरचा टायरवाला मशीननेच फुल टाईट करतो, वीस वर्षांत काही झालं नाही." दादा, कळंबोलीला ट्रकच्या चाकांवर काम करणारा माणूस दिवसभर 600 न्यूटन मीटरच्या आसपासचे नट आवळतो. त्याचा अंदाज त्या नटांचा आहे. तोच अंदाज तुमच्या हॅचबॅकला लावला तर नुकसान तुमचं. त्याच्याशी भांडू नका. "शेवटचं हाताने आवळा" एवढं सांगा, आणि गाडीत स्वतःचा टॉर्क रेंच ठेवा.

तिसरी बाजू, आणि मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. माझी मामेबहीण कासारवडवलीला राहते. रात्री गायमुखच्या चढावर टायर पंक्चर, सोबत लहान मुलगी. स्टेपनी होती, जॅक होता, डिकीतला पाना होता. नट हलेना. ती पान्यावर उभी राहिली तरी हलेना. शेवटी गाडी ओढून न्यावी लागली. आदल्या आठवड्यात कुठेतरी मशीनने आवळून दिलं होतं. आता हिशोब करा. पाना 30 सेंटीमीटरचा. नट 110 ला आवळलेला असेल तर टोकाला साधारण 37 किलोचा जोर लागतो, म्हणजे बहुतेकांना जमतं. तोच 400 ला आवळला तर 136 किलो! अख्खं वजन टाकून उभं राहिलं तरी कुणाला जमणार? नट खोलायला मशीन लागेल असा आवळायचा आणि ते मशीन घरी ठेवून रस्त्यावर जायचं, हे मला पटत नाही.

मग करायचं काय? नट आधी बोटांनी तीन-चार आटे बसवा. बोटाने फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, मशीन लावूच नका. मग बटणाला नुसता स्पर्श, नट टेकेपर्यंत. समोरासमोरचे नट धरत जा. गाडी खाली उतरवा, टॉर्क रेंचने त्याच क्रमाने आवळा. एकदा टक् झालं की थांबा. खात्री म्हणून पुन्हा पुन्हा टक् टक् करू नका, दर वेळी थोडा जोर वाढतो. 50 ते 100 किलोमीटर चालवून परत तपासा.

"ताई, पावसाळ्यात गंजू नये म्हणून आट्यांना ग्रीस लावू का?" हा प्रश्न खूप जणींचा आहे. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर नको. तो आकडा सहसा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. ग्रीसने घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. वायर ब्रशने साफ करा, पुरे.

आता वीज. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी साचलं असेल तर त्या दिवशी काम नाही. ज्या सॉकेटवर मशीन लावता, त्याला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, आहे का बघा, त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. एक्स्टेंशनची वायर दीड स्क्वेअर एमएमची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. पातळ लांब वायरीत व्होल्टेज पडतं, ठोका मंदावतो, मग आपण बटण दाबूनच ठेवतो आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, भाजतं. रबाळ्यात माझ्या दुकानात येणाऱ्या जळक्या आर्मेचरांत हे कारण वारंवार दिसतं. पाच-सात सेकंदांत नट हलला नाही तर थांबा, गंज सोडवणारा स्प्रे मारा, वाट बघा. मशीन वायरीला धरून उचलू नका.

देखभाल थोडीच आहे. काम झालं की हवेच्या जाळ्या फुंकून साफ करा. पुढच्या चौकोनावरची रिंग झिजली की गोटी निसटते, ती बदला. हातोड्याच्या भागात ग्रीस असतं, कोरडं पडलं की आवाज कर्कश होतो.

आणि कार्बन, म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे. ते झिजले की ठिणग्या वाढतात, मशीन अडखळतं. दोन्ही एकदमच बदला, एक कधीच नाही. नवे घातल्यावर काही मिनिटं मोकळं चालवा, म्हणजे कम्युटेटरवर, आर्मेचरच्या ज्या तांब्याच्या भागाला ते घासतात त्यावर, नीट बसतात. बारीक ठिणगी चालते. गोल फिरणारी आगीची कडी दिसली तर लगेच बंद करा, आर्मेचर तपासायला द्या.

कार्बनचं माप कळत नसेल तर मशीनवरच्या पट्टीचा मॉडेल नंबर कमेंटमध्ये लिहा, मी सांगते.