कूलरमागचा धूर

[दृश्य : सकाळ. रस्त्याकडेची तीन मजली इमारत. गॅलऱ्यांत ओळीने लोखंडी कूलर. खाली कापसाच्या गाठोड्यांनी भरलेलं मॅटाडोर.]

विदर्भातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांत आता अशा इमारती उभ्या आहेत. खाली पार्किंग किंवा शटरची दुकानं, वर तीन मजले, मजल्याला चार फ्लॅट. राहणारे म्हणजे झेडपीचे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर, आणि लेकरांच्या शाळेसाठी शेत-वाडा गावी ठेवून आलेले शेतकरी. धाब्याच्या घरात बिडी अंगणात ओढली जायची, धूर निंबाखालून उडून जायचा. इथे अंगण नाही. एकाची गॅलरी संपते तिथून तीन फुटांवर दुसऱ्याची खिडकी सुरू होते.

[दृश्य : जिन्याच्या वळणावर बिडीची थोटकं. भिंतीवर हाताने रंगवलेली पाटी.]

भांडण होतं ते साधारण ठरलेल्या शब्दांत. "माह्या घरात मी का करतो, त्याच्याशी तुमाले का करा लागते?" समोरून, "काकाजी, लेकराले दमा हाये. रातभर खोकलते." त्यावर तिसऱ्या मजल्यावरून, "तुमच्या घरचा लोबान चालते, अन् माही बिडी नाही चालत?" मग कोणीतरी बंदीची पाटी रंगवतं, आणि ज्याच्यासाठी ती रंगवली तो आठ दिवसांत जिन्यातून उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. धूर वाढला असं त्यानंतर लोक म्हणतात. खरंच वाढलेला असतो.

[दृश्य : दुपार. कूलर सुरू होतो. जवळून : पंख्याची पाती, ओल्या ताट्या, टाकीतलं पाणी.]

का वाढतो, ते कूलरकडे बघितल्याशिवाय कळत नाही. चंद्रपूर, वर्धा, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. दिवसरात्र कूलर चालतात. खिडकीला लावलेला लोखंडी कूलर तीन बाजूंच्या ताट्यांतून बाहेरची हवा ओढतो आणि चौथ्या बाजूने खोलीत फेकतो. मोठ्या पंख्याचा कूलर तासाला दोन-तीन हजार घनमीटर हवा सहज हलवतो. दहा बाय बाराच्या खोलीतली हवा मिनिट-दोन मिनिटांत बदलून जाते. आता त्या कूलरच्या पाठीपासून चार-पाच फुटांवर शेजारच्या गॅलरीत कोणी बिडी पेटवली, तर तो धूर "येतो" असं म्हणणं कमीच. तो ओढून आणला जातो.

पाण्याच्या ताट्यांतून धूर धुतला जातो, असं पुष्कळांना वाटतं. जात नाही. बिडी-सिगारेटच्या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. वाळा असो की कूलरची घास, रस्त्याची धूळ अडेल, हे कण अडत नाहीत. वासाचा काही भाग मात्र पाण्यात उतरतो, म्हणून टाकीचं पाणी चार-पाच दिवस बदललं नाही तर बिडी विझून तास झाला तरी खोलीला वास राहतो.

याच कूलरची दुसरी बाजू ध्यानात घ्यायला हवी. तो आत हवा कोंबतो, त्यामुळे घरातला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहतो. कूलर चालू असलेल्या घरात दाराच्या फटीतून, मोरीतून धूर शिरत नाही. उलट घरातली हवाच त्या फटींतून बाहेर पडते. बिडी ओढणाऱ्याचा स्वतःचा कूलर चालू असेल आणि तो आत पलंगावर बसून ओढत असेल, तर त्याच्या घरचा धूर दाराखालच्या फटीतून जिन्यात, आणि जिन्यातून ज्याचा कूलर बंद आहे त्याच्या घरात. "मी तर दार लावून ओढतो" हे त्याचं म्हणणं खोटं नसतं.

[दृश्य : उदबत्ती. धुराची सरळ रेघ. हात हळूहळू दाराच्या फटीकडे जातो, रेघ वाकते.]

धुराचा रस्ता शोधायला यंत्र लागत नाही, एक उदबत्ती पुरते. पद्धत अशी. आधी घरातले सगळे पंखे बंद करायचे, पाच मिनिटं हवा थांबू द्यायची. मग पेटती उदबत्ती एकेका जागी न हलवता अर्धा मिनिट धरायची. मुख्य दाराची खालची फट, दाराच्या चौकटीचे कोपरे, न्हाणीघराच्या जमिनीतली जाळी, संडासाची डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत, उघडणारी काचपट्ट्यांची खिडकी, स्वयंपाकघरातलं एक्झॉस्टचं भोक, आणि भिंतीतले स्विचबोर्ड. धूर आत ढकलला जातो की बाहेर ओढला जातो, ते प्रत्येक जागी खडूने बाण काढून लिहायचं. मग हेच सगळं पुन्हा, फक्त कूलर लावून. मग तिसऱ्यांदा, कूलर बंद आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू.

[दृश्य : न्हाणीघर. उदबत्तीचा धूर जाळीजवळ उलटा फिरतो. बाण. खडू.]

तिसऱ्या फेरीत बहुतेकांचे डोळे उघडतात. खिडक्या लावलेल्या आणि एक्झॉस्ट चालू, अशा घरात हवा कुठून तरी आत यावीच लागते. ती येते डक्टमधून आणि मोरीतून. हिवाळ्यात तर डक्ट धुराड्यासारखाच वागतो. खालच्या घरांतली गरम हवा त्यातून वर चढते आणि तळमजल्यावरची बिडी तिसऱ्या मजल्यावरच्या संडासात वास देते. मधल्या दोन मजल्यांना पत्ताही नसतो, आणि तिसऱ्या मजल्यावरचे भांडायला जातात ते शेजारच्या दाराशी.

मोरीचं कारण अगदी साधं आहे. जाळीखालच्या वाटीत, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, सुमारे 50 मिलिमीटर पाणी साचून राहायला हवं, तेच पाइपातली हवा अडवतं. पाहुण्यांसाठीचं म्हणून ठेवलेलं दुसरं न्हाणीघर उन्हाळ्यात कोणी वापरत नाही, ते पाणी आटून जातं, आणि पाइप सरळ खोलीत उघडा पडतो. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतायचं आणि वरून दोन चमचे गोडं तेल सोडायचं. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही. खर्च जवळपास नाहीच.

[दृश्य : सुतार दाराखाली पट्टी बसवतो. सिलिकॉनची बंदूक. डक्टच्या खिडकीत नवी काच.]

बाकी दुरुस्त्या एका दिवसाच्या आहेत. दाराच्या खालच्या कडेला आतून ब्रशची पट्टी. रबराची चालते, पण खडबडीत कोट्याच्या फरशीवर ती दोन महिन्यांत फाटते. चौकटीला तिन्ही बाजूंनी फोमची नव्हे, पोकळ रबराची पट्टी. स्विचबोर्डात येणाऱ्या पाइपांची तोंडं सिलिकॉनने बुजवायची, ती एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडून आणि इलेक्ट्रिशियनच्या हातून. एक्झॉस्टला मागून झडप हवी, पंखा थांबला की आपोआप पडणारी. झडप नसलेलं भोक पंखा बंद असताना उघडी खिडकीच असते.

इथे एक धोका आहे आणि तो नीट ऐकायला हवा. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर डक्टची खिडकी कधीही बंद करायची नाही. गीझर पेटला की आतली हवा खातो, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आत अंघोळीला गेलेला माणूस हाक न मारता कोसळतो. आधी गीझर बाहेर काढायचा, मगच खिडकीला हात लावायचा.

कूलरच्या बाबतीत जागा बदलणं हाच इलाज. शेजारच्या गॅलरीकडची बाजू पत्र्याने बंद केली तर धूर कमी होतो, पण तीनपैकी एक ताटी गेल्याने गारवाही कमी होतो, मोटरवर ताण येतो. शक्य असेल तर कूलर दुसऱ्या खिडकीला न्यावा, भिंतीपासून फूटभर मोकळा ठेवावा.

[दृश्य : आवारातला निंब, कुंपणाची भिंत, वाळूची बादली, सिमेंटचा बाक.]

ओढणाऱ्यांसाठी जागा ठरवली नाही तर वरचं सगळं वाया जातं. गच्ची सुचवली जाते. मे महिन्यात दुपारी गच्चीवर कोण उभं राहील? पार्किंग तर नाहीच, तिथे मोटारसायकलींच्या पेट्रोलचा वास असतो. आणि दिवाळीनंतर चांगल्या भावाची वाट पाहत कापूस ठेवला जातो तोही खालच्याच शटरमध्ये. कापसात पडलेलं थोटूक लगेच भडकत नाही. ते आतल्या आत धुमसत राहतं आणि काही तासांनी, घरचे झोपल्यावर, पेटतं. सभेत दम्याचा मुद्दा ज्यांना पटत नाही त्यांना हा एका वाक्यात पटतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येतो. म्हणजे जागा इमारतीच्या पूर्व-आग्नेय अंगाला, कूलरच्या ओळीपासून जितकी लांब जमेल तितकी, सावलीत. बाक ठेवा, वाळूची बादली ठेवा. बाक नसेल तर माणूस पुन्हा जिन्याच्या पायरीवरच बसतो.

[दृश्य : सभेच्या इतिवृत्ताचं पुस्तक. पान उलटतं. बोट एका ओळीवर थांबतं.]

आता कागद. हे पान बघा : "सोसायटीत धूम्रपान बंद, सर्वानुमते मंजूर." असा ठराव लिहिला काय, न लिहिला काय. कुठे बंद, कोणासाठी, मोडल्यास काय, तक्रार कोणाकडे, यातलं काही त्यात नाही.

देशाचा कायदा आहे 2003 चा, सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा. त्याच्या कलम 4 ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. त्याआधी 2001 मध्ये मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिलेला होता. 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी पाटीचं मापही ठरवून दिलं : किमान 60 बाय 30 सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव दिसेल असं लावायचं, राखदाणी-काडीपेटी ठेवायची नाही. दंड 200 रुपयांपर्यंत. पण हा कायदा सार्वजनिक ठिकाणाचा. खासगी इमारतीच्या जिन्याला तो लागतो का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. आणि स्वतःच्या फ्लॅटच्या आत ओढायला त्याची मनाई नाही. पाटी दाखवून कोणाच्या दारात जाणारे हे विसरतात.

म्हणून सोसायटीने आपले उपविधी (बायलॉज) दुरुस्त करणं हा खरा रस्ता. प्रस्ताव सभेच्या 14 दिवस आधी सर्व सभासदांना कळवायचा. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बहुमत हवं. आणि शेवटची पायरी, जी सर्रास राहून जाते : तालुक्याच्या सहकारी संस्था सहायक निबंधकांकडून दुरुस्ती नोंदवून घ्यायची. नोंद होईपर्यंत ती अंमलात येत नाही. ठरावात जागा मोजून लिहा : जिना, पार्किंग, गच्ची, सामाईक गॅलरी, डक्ट. फ्लॅटच्या आतली बंदी लिहायच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी आपल्या घरातला कुठलाही धूर दुसऱ्याच्या घरात जाऊ न देण्याची जबाबदारी लिहा. त्यात बिडी आली, मच्छर अगरबत्ती आली, लोबानही आला. तसं केलं की तिसऱ्या मजल्याच्या तक्रारीला उत्तर मिळतं, आणि खरं तर ती तक्रार रास्तच होती.

भाडेकरू सभासद नसतो, त्याने सभेत हात वर केलेला नसतो. त्याच्या 11 महिन्यांच्या करारात हीच कलमं घालायला घरमालकाला सांगावं लागतं. अनेक इमारतींत तर सोसायटीच नोंदवलेली नाही, बिल्डर फ्लॅट विकून मोकळा झालेला. तिथे आधी नोंदणी, मग बिडी.

पोलीस ठाण्यात गेलं तर बहुधा अदखलपात्र नोंद होऊन परत येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 280 मध्ये हवा आरोग्याला घातक करणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण घातक म्हणजे किती, ते दाखवावं लागतं. तिथे एक वही कामाला येते : तारीख, वेळ, कुठल्या खोलीत वास, कूलर चालू की बंद, एक्झॉस्ट चालू की बंद. पंधरा दिवसांची अशी वही पुढे ठेवली की पुष्कळदा ठाण्यात जायची गरजच उरत नाही. धूर नेमका कोणाचा, हेच अनेकदा उलटं निघतं.

[दृश्य : गॅलरीत खाटेवर बसलेलं मूल, हातात इनहेलर. शेजारच्या गॅलरीत म्हातारे गृहस्थ. कोणी बोलत नाही.]

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दुसऱ्याच्या धुराने जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं मरतात.

[दृश्य : तेंदूच्या पानांचे पुडे, उन्हात वाळत घातलेले.]

गडचिरोली, गोंदियाच्या जंगलांतून बिडीची हीच पानं उन्हाळ्यात गोळा होतात आणि त्या पैशावर कित्येक घरांची पेरणी उभी राहते. इमारतीतल्या सभेत हा मुद्दा निघतोच, तो फेटाळून चालत नाही. पण पानं तोडणाऱ्याच्या मजुरीचा आणि एक्झॉस्टला झडप बसवण्याचा काही संबंध नाही, हेही त्याच सभेत सांगावं लागतं.

[दृश्य : ऑक्टोबर. कूलर खाली उतरवले जातात. खिडकीच्या मोकळ्या चौकटीवर पुठ्ठा.]

कूलर उतरले की हवेचे सगळे बाण बदलतात. खिडकीची चौकट पुठ्ठ्याने झाकतात, त्या फटी आता आत ओढतात. मेमध्ये कोरडी ठणठणीत वाटलेली मोरी नोव्हेंबरात वास देते. उदबत्तीच्या, कूलरची सोडून, बाकी दोन फेऱ्या दिवाळीच्या आत पुन्हा करायच्या, आणि खडूचे जुने बाण पुसण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवायचा.